‘ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे’



गेल्या महिन्यात चिपळूणकडच्या एका भगिनीचे पत्र आले. दोन पानी, सुवाच्य अक्षरातले. मुलीसाठी रिश्ता आला आहे. मुलगा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत, घराणे ओळखीचे, मागणी काही नाही. मुलगी एम.एस्सी. झालेली, ज्युनिअर कॉलेजात शिकवते. पुढे त्या लिहितात, ‘मुलाचे ग्रीन कार्ड कंपनीने लावले आहे, प्रोसेसमध्ये आहे, पुढच्या वर्षापर्यंत होऊन जाईल, असे त्याच्या अम्मीने सांगितले. पण दुसरीकडून कळले की ते गेली सात वर्षे प्रोसेसमध्येच आहे. एवढी वर्षे लागतात का? की मुलात काही खोट आहे? तुम्ही या सदरात कागदपत्रांविषयी लिहिता म्हणून विचारते.’

पहिले उत्तर आधी देते. मुलात खोट नाही. सात वर्षे ऐकून आपण दचकतो, पण भारतात जन्मलेल्या माणसासाठी हा आकडा फारसा मोठा नाही. ‘पुढच्या वर्षी होऊन जाईल’ हे मात्र होण्यातले दिसत नाही. मुलाच्या अम्मीने मुद्दाम खोटे सांगितले असेही मी म्हणणार नाही. आपल्याकडे पासपोर्टचा अर्ज प्रोसेसमध्ये असतो, रेशनकार्डाचा असतो, तसाच हाही कुठल्यातरी साहेबाच्या टेबलावर पडून असेल अशी आपली समजूत. मुलगा फोनवर ‘चालू आहे’ म्हणतो आणि आईला ‘होईल’ असे ऐकू येते.

खरी गोष्ट अशी की यात रांगा दोन आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे गणित चुकते.

पहिली रांग कचेरीची. हा अर्ज मुलगा करत नाही, त्याची कंपनी करते. आधी अमेरिकेच्या कामगार खात्याकडून त्या जागेचा रीतसर पगार किती, हे ठरवून घ्यायचे. मग या जागेसाठी लायक अमेरिकन माणूस मिळत नाही हे दाखवायला जाहिरात द्यायची. गंमत म्हणजे ज्या खुर्चीवर मुलगा पाच वर्षे बसलेला असतो, त्याच खुर्चीची जाहिरात दोन रविवारी वर्तमानपत्रात छापून यावी लागते. मग कामगार खात्याकडे अर्ज. त्याला ‘पर्म’ म्हणतात, ही पद्धत २००५ पासूनची. पगार ठरवायलाच काही महिने जातात आणि अलीकडे नुसत्या या अर्जाला वर्षाच्या वर लागते. तो मंजूर झाला की कंपनीने इमिग्रेशन खात्याकडे ‘आय-१४०’ नावाचा दुसरा अर्ज करायचा. त्यासाठी जादा फी भरली, अडीच-तीन हजार डॉलरच्या घरात, तर कामाच्या पंधरा दिवसांत उत्तर मिळते. एक लक्षात ठेवा, पर्मचा वकील आणि जाहिराती यांचा खर्च कंपनीनेच करायचा असतो. २००७ च्या नियमाने तो नोकराकडून वसूल करायला बंदी आहे. कुणी मुलाच्या पगारातून कापत असेल तर ते बेकायदा आहे.

ही पहिली रांग दोन-तीन वर्षांत संपते. ‘आय-१४० मंजूर झाले’ असे मुलगा सांगतो तेव्हा घरी पेढे वाटतात. मग तो दुसऱ्या रांगेत उभा राहतो, आणि तिथे जादा फी भरायची सोयच नाही.

दुसरी रांग आकड्याची. १९९० साली अमेरिकेने कायदा केला की नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे द्यायची, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत. देश लहान असो की मोठा, सात टक्के म्हणजे सातच. भारताला तेवढेच आणि आइसलँडलाही तेवढेच. पदव्युत्तर शिकलेल्यांचा जो दुसरा वर्ग, ज्यात आपली बहुतेक सॉफ्टवेअरवाली मुले येतात, त्यात भारताच्या वाट्याला वर्षाला सुमारे २,८०० कार्डे येतात. दुसऱ्या देशांची उरली तर थोडी भर पडते. आणि हा आकडा नोकरदारांचा नाही, माणसांचा आहे. बायको आणि मुलेही त्यातच मोजतात. चौघांचे कुटुंब धरले तर सातशेच घरे झाली. केटो इन्स्टिट्यूट या वॉशिंग्टनच्या संस्थेने २०२३ मध्ये हिशेब मांडला होता. नोकरीच्या ग्रीन कार्डासाठी अडकलेली प्रकरणे १८ लाख, त्यातली ११ लाख भारतीयांची.

या रांगेत तुमची जागा म्हणजे एक तारीख असते, ‘प्रायॉरिटी डेट’. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला तो दिवस. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढते. त्यात छापलेल्या तारखेच्या आधीची ज्याची तारीख, त्याची पाळी आली. २०२५ च्या जानेवारीत भारताच्या दुसऱ्या वर्गाची तारीख होती १ ऑक्टोबर २०१२. डिसेंबरात ती १५ मे २०१३ झाली. वर्षभरात रांग साडेसात महिने सरकली. पत्रातल्या मुलाची तारीख २०१८ ची असेल तर हिशेब तुम्हीच करा.

आणि ही तारीख पुढेच जाते असेही नाही. ती मागेही येते.

आता घरचीच गोष्ट सांगते, कारण मला हे सगळे कळले ते माझ्या खालाच्या दोन मुलांमुळे. दोघे इंजिनिअर, दोघे अमेरिकेत. थोरला जन्मला खेडला, नानीच्या घरी. नंतर खालू कुवेतला नोकरीला लागले, खाला तिकडे गेली आणि धाकटा कुवेतला जन्मला. दोघांचे पासपोर्ट भारतीय, दोघांची शाळा पुढे रत्नागिरीत. थोरल्याची प्रायॉरिटी डेट मार्च २०१३. धाकट्याची त्याच्यानंतर दीड वर्षाची. धाकट्याला कार्ड मिळाले २०१६ मध्ये.

नातेवाइकांत चर्चा झाली की धाकटा हुशार, त्याची कंपनी मोठी, त्याचा वकील चांगला. यातले काहीही नव्हते. अमेरिकेचा कायदा पासपोर्ट विचारत नाही, जन्म कुठे झाला ते विचारतो. कुवेतमध्ये जन्मलेला माणूस कुवेतच्या खात्यावर मोजला जातो आणि कुवेतच्या खात्यावर रांगच नव्हती. कोकणातल्या किती घरांतून माणसे कुवेत, बहारीन, दुबई, दम्मामला गेली आणि किती मुले तिकडच्या इस्पितळांत जन्मली, हे मी वाचकांना सांगायला नको. त्या मुलांपैकी कुणी अमेरिकेत नोकरीला असेल तर त्याचा तिकडचा जन्मदाखला जपून ठेवा. तो कागद दहा-पंधरा वर्षांच्या मोलाचा आहे.

कायद्यात आणखी एक दार आहे. नवऱ्याला बायकोच्या जन्मदेशाच्या खात्यावरही मोजता येते. म्हणजे चिपळूणला जन्मलेल्या मुलाने बहारीनला जन्मलेल्या मुलीशी निकाह केला, तर त्याला बहारीनच्या खात्याचा फायदा मिळू शकतो. (ही ओळ छापून आल्यावर तिकडे जन्मलेल्या मुलींच्या रिश्त्यांना एकदम ऊत येईल अशी भीती वाटते. कृपा करून जन्मदाखला पाहून सून आणू नका.)

थोरल्याचे काय झाले ते ऐका. २०२१ च्या जानेवारीत खालू गेले. कोविडचे दिवस. थोरल्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. तो इकडे आला असता तर शिक्का नवा करून घेतल्याशिवाय परत जाता आले नसते, आणि २०२० च्या जूनपासून अमेरिकेने एच-१बी वाल्यांचे नवे व्हिसेच थांबवले होते. बायको, मुलगी, नोकरी, घराचा हप्ता, सगळे तिकडे. दफन त्याच संध्याकाळी झाले, ते थांबत नसते. थोरल्याने जनाजा मोबाईलवर पाहिला. धाकट्याकडे कार्ड होते, तो चौथ्या दिवशी पोचला आणि अम्मीजवळ महिनाभर राहिला. खाला आजही म्हणते, ‘मोठा आला नाही.’ तिला शिक्का, कार्ड, बुलेटिन समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘हो गं, पण आला नाही.’

पुढच्याच वर्षी आशा वाटली. २०२२ मध्ये भारताची तारीख धावत सुटली आणि उन्हाळ्यात डिसेंबर २०१४ पर्यंत गेली. थोरल्याचा शेवटचा अर्ज दाखल झाला, बोटांचे ठसे दिले, डॉक्टरी तपासणी झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच त्या वर्षाचे आकडे संपले. ऑक्टोबरच्या बुलेटिनमध्ये तारीख परत एप्रिल २०१२ वर आली आणि डिसेंबरात त्याहून मागे, ऑक्टोबर २०११ वर. पूर्ण तयार फाईल तिथेच थांबली. त्याची तारीख पुन्हा उघडली ती २०२५ च्या ऑक्टोबरात. हे लिहीत असताना कार्ड हातात आलेले नाही.

कचेरीचा उशीर आणि आकड्याचा उशीर वेगळे असे मी वर म्हटले, पण कधी कधी पहिला दुसऱ्याला खातो, आणि माझा खरा राग तिथे आहे. ही कार्डे ३० सप्टेंबरपर्यंत द्यावी लागतात. सरकारी वर्ष संपले की उरलेली पुढच्या वर्षी त्याच रांगेला मिळत नाहीत. कोविडमुळे कुटुंबांच्या वाट्याची न वापरलेली कार्डे २०२१ मध्ये नोकरीवाल्यांकडे आली आणि आकडा २,६२,००० झाला. लोक वर्षानुवर्षे उभे, कार्डे उपलब्ध, आणि कचेऱ्यांकडून कागद वेळेत हलले नाहीत म्हणून त्यातली सुमारे ६६,००० वाया गेली. रेशनच्या दुकानात धान्य सडावे आणि बाहेर रांग असावी, तसलाच प्रकार.

त्याआधी २००७ च्या जुलैत एक मजेशीर गोष्ट घडली होती. बुलेटिनने सगळ्यांच्या तारखा खुल्या केल्या. लोकांनी सुट्ट्या टाकून, डॉक्टरी तपासण्या करून अर्ज तयार केले आणि २ जुलैला सरकारने सांगितले की आकडे संपले, अर्ज घेणार नाही. ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन वर्षही झाले नव्हते. आपल्या लोकांनी दगड मारले नाहीत, १० जुलैला इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुले पाठवली. शेकडो गुच्छ. संचालकांनी ती लष्कराच्या इस्पितळात जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. १७ जुलैला सरकारने माघार घेतली आणि अर्ज स्वीकारले. पण कायदा बदलला नाही. २०१९ मध्ये सात टक्क्यांची अट काढण्याचे विधेयक प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झाले. सीनेटने २०२० च्या डिसेंबरात आपला वेगळा मसुदा मंजूर केला, दोघांचा मेळ बसला नाही आणि विषय तिथेच राहिला. तेव्हा कायदा बदलेल या भरवशावर निकाहाची तारीख धरू नये.

आता त्या मुलीकडे येऊ, कारण पत्राचा खरा विषय ती आहे.

रांगेत असलेल्या मुलाशी लग्न केले तर ती एच-४ व्हिसावर लगेच जाऊ शकते आणि नवऱ्याच्या तारखेवरच मोजली जाते. तिची वेगळी रांग नाही. उलट, आधीच ग्रीन कार्ड हातात असलेल्या मुलाशी निकाह झाला तर बायकोसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिला बहुधा काही वर्षे इकडेच थांबावे लागते. ‘कार्डवाला मुलगा हवा’ म्हणणाऱ्या आईबापांना हे कुणी सांगत नाही. निकाह आधी आणि कार्ड नंतर, हा क्रम मुलीच्या सोयीचा आहे.

पण एच-४ वर नोकरी करता येत नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून एक सवलत आहे. नवऱ्याचे आय-१४० मंजूर असेल तर बायको काम करण्याचा परवाना मागू शकते. म्हणून ‘कार्ड कधी येणार’ यापेक्षा ‘आय-१४० मंजूर आहे का’ हा प्रश्न तुमच्या मुलीसाठी जास्त महत्त्वाचा आहे. मंजूर असेल तर ती पुढेमागे शिकवू शकेल. नसेल तर स्वयंपाकघर आणि खिडकीबाहेरचा बर्फ. परवाना यायलाही महिने लागतात आणि नूतनीकरणाला तितकेच. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर जुना परवाना काही काळ आपोआप चालू राहत असे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नव्या अर्जांसाठी ती सोय बंद झाली. चालू नोकरीत मध्येच घरी बसावे लागते, आणि कचेरीला त्याचे काही नसते.

नोकरी गेली तर? एच-१बी वाल्याला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर सामान आवरायचे, आणि बायकोचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी तारीख सहसा शाबूत राहते, हा एक दिलासा. नव्या कंपनीला मात्र पर्मपासून सुरुवात करावी लागते. सहा वर्षांच्या मर्यादेपुढे एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढतो तोही याच मंजुरीच्या आधारावर.

मुलांचे सांगते. भारतात जन्मलेले मूल आईबापांबरोबर रांगेत असते ते एकवीस वर्षांचे होईपर्यंत. त्यानंतर ते रांगेतून बाहेर. २००२ च्या कायद्याने आय-१४० मंजूर व्हायला जितके दिवस लागले तितके वयातून वजा करतात. म्हणजे जादा फी भरून पंधरा दिवसांत मंजुरी घेतली असेल तर वजा करायला पंधरा दिवसांच्या आसपासच उरतात! कचेरीच्या दिरंगाईचा फायदा होतो अशी ही एकच जागा मला सापडली. थोरल्याची मुलगी पुण्यात जन्मलेली, चार वर्षांची असताना गेली. २०२२ मध्ये अर्ज आत गेला तेव्हा तिचे वय त्या दिवसावर धरले गेले म्हणून ती सुटली. तिची मैत्रीण सुटली नाही. ती आता विद्यार्थी व्हिसावर परदेशी मुलांची फी भरून शिकते, आणि तिला मराठी, उर्दू दोन्ही वाचता येत नाही.

कागदांबाबत एवढेच. निकाहनाम्याबरोबर सरकारी विवाह नोंदणीही करून घ्या आणि निकाहनामा उर्दूत असेल तर भाषांतर करून ठेवा. मुलीचे नाव जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट यांत एकसारखे आहे का पाहा. आपल्याकडे एका दाखल्यावर आडनाव, दुसऱ्यावर गावाचे नाव, तिसऱ्यावर ‘बी’ लावलेले. तिकडची कचेरी अशा एका अक्षरावरून खुलासा मागवते आणि फाईल आणखी काही महिने बाजूला पडते. हे दुरुस्त करणे आपल्या हातात आहे आणि तहसीलला चार हेलपाट्यांत होते.

त्या भगिनींना मी फोन केला. म्हटले, मुलाच्या अम्मीला काही विचारू नका, त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसेल. मुलीलाच मुलाशी बोलू द्या, घरातले मोठे समोर बसलेले असताना. तिने तीन गोष्टी विचाराव्यात. तुमची प्रायॉरिटी डेट काय? आय-१४० मंजूर आहे का आणि त्याला किती दिवस झाले? आणि अब्बा-अम्मी आजारी पडले तर तुम्ही येऊ शकाल का? तिसरा प्रश्न कागदावरचा नाही, पण त्याचे उत्तर कागदावर अवलंबून आहे. मुलगी कुठे जन्मली हेही मी हळूच विचारून घेतले. चिपळूणलाच.

आठवड्याने त्यांचा फोन आला. बोलणे झाले. मुलाने तारीख सांगितली, मे २०१८. आय-१४० मंजूर होऊन सहा वर्षे झाली आहेत. ‘पुढच्या वर्षी’ असे आपण अम्मीला कधी म्हटले नव्हते, असेही त्याने सांगितले, तिने धरूनच चालले आहे. तिसऱ्या प्रश्नाला तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘दोन वर्षांपूर्वी दादी गेली तेव्हा येऊ शकलो नव्हतो.’

मुलीने विचार करायला पंधरा दिवस मागितले आहेत. तिच्या अम्मीला ते फार वाटतात. मी म्हटले, द्या.